दुसरा थेंब टाकून बघा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. मुलगी नऊ वर्षांची. विज्ञानाची किट आणून दिली, व्हिडिओ बघून प्रयोग करून दाखवले, पण ती तेवढ्यापुरती उड्या मारते आणि पाच मिनिटांत विषय संपतो. पाण्यावर पावडर भुरभुरवून मधोमध साबणाचा थेंब टाकायचा प्रयोगही असाच झाला. पावडर झपकन कडेला पळाली, ती ‘भारी!’ म्हणाली आणि चित्रं काढायला निघून गेली. तुम्ही वाणिज्य शाखेचे, त्यामुळे तिने ‘का?’ विचारलं की तुमची पंचाईत होते. म्हणून रोज नवा उपक्रम देणारी यादी हवी आहे, आणि चित्रांच्या नादात विज्ञान मागे पडेल अशी काळजीही वाटते आहे.

मी बरीच वर्षं मुलांसाठी असे वर्ग घेते, जिथे विज्ञान आणि चित्रकला एकाच टेबलावर चालतात. यादी द्यायला हरकत नव्हती, पण मुद्दाम देत नाही. तुम्ही जे वर्णन केलंय त्यावरून तुमच्याकडे उपक्रम भरपूर आहेत. अडचण अशी आहे की प्रत्येक उपक्रम जिथून खरा सुरू होतो, नेमका तिथेच तुमच्याकडे गुंडाळला जातो. नव्या यादीने तेच आणखी वेगाने होईल.

पावडरीचंच घेऊ. पावडर पळाली की व्हिडिओ संपतो. आता त्याच ताटलीत, तेच पाणी तसंच ठेवून, साबणाचा दुसरा थेंब टाका. काहीच होत नाही, फार तर पावडर जराशी हलते. इथे मूल थबकतं. ‘आता का नाही पळाली?’ हा प्रश्न कुठल्याही व्हिडिओने तिला दिलेला नसतो, तो तिचाच असतो. मग ती ताटली रिकामी करते, नवीन पाणी भरते, नवीन पावडर टाकते, आणि पुष्कळदा तरीही पावडर हलायला तयार नसते. ताटली भरभर विसळलेली असते, एवढंच कारण. चांगली चार-पाच पाण्यांनी खळखळून धुतली की पावडर पुन्हा पळते. डोळ्यांना अजिबात न दिसणारा साबणाचा अंशसुद्धा पाण्याचा वरचा थर बदलून टाकतो, हे एव्हाना तिच्या हातांना कळलेलं असतं.

यामागचं कारण अवघड नाही. पाण्याचा पृष्ठभाग सगळ्या बाजूंनी सारखा ओढला जात असतो. साबण पडतो तिथली ओढ ढिली होते, कडेची तशीच राहते, म्हणून वरचा थर पावडरीसकट कडेकडे खेचला जातो. दुसऱ्या थेंबाच्या वेळी सगळीकडचीच ओढ ढिली झालेली असते, त्यामुळे खेचाखेच व्हायला काही उरत नाही. ‘पृष्ठताण’ हा शब्द मी या टप्प्यावर सांगते. त्याआधी सांगितला तर मुलं तो पाठ करतात आणि प्रयोग विसरतात.

‘मला विज्ञान येत नाही’ असं तुम्ही दोनदा लिहिलंय, म्हणून याच पाण्याच्या थराची एक हकीकत सांगते. जर्मनीत आग्नेस पॉकेल्स नावाची एक बाई होती, जन्म १८६२ चा. मुलींना तेव्हा तिथे विद्यापीठाची दारं बंद होती आणि तिचे दिवस आजारी आईवडिलांचं करण्यात जात. भाऊ भौतिकशास्त्र शिकत होता, तो तिला पुस्तकं पुरवायचा. तिने घरच्या घरी पत्र्याचं एक उथळ भांडं घेतलं, पाण्यावर आडवी पट्टी ठेवून वरचा थर मागेपुढे सरकवायची सोय केली, आणि तराजूला टांगलेली छोटी चकती पाण्यापासून सुटायला किती जोर लागतो ते मोजत राहिली. पाण्याचा पृष्ठभाग स्वच्छ असताना किती ओढ, मळला की किती, पट्टीने तो मळ दाबत आणला की किती, असं सगळं. १८९१ मध्ये तिने हे रेली या नामांकित शास्त्रज्ञांना पत्राने कळवलं आणि त्यांनी ते पत्र ‘नेचर’ या नियतकालिकाकडे छापायला पाठवलं. ते छापूनही आलं. पुढे अर्विंग लँगम्यूर यांनी याच धर्तीचं उपकरण सुधारून वापरलं, आणि पृष्ठभागाच्या रसायनशास्त्रातल्या त्यांच्या कामाला १९३२ चं नोबेल मिळालं. तुमच्या मुलीने कंटाळून सोडलेल्या ताटलीत हे सगळं दडलेलं आहे. ती ताटली कुठपर्यंत नेता येते हे कोणीतरी तिला दाखवायला हवं, इतकंच.

वर्गात मी दोनच गोष्टींचा आग्रह धरते. एक, करण्याआधी अंदाज सांगायचा, शक्य असेल तर चित्र काढून दाखवायचा. दोन, पुन्हा करताना एकच गोष्ट बदलायची. अंदाज चुकला तर मूल चिडत नाही, उलट त्याला चेव येतो, कारण आता निकाल त्याच्या विरोधात गेलेला असतो. आणि एकच गोष्ट बदलली की कशामुळे काय झालं यावर वाद घालता येतो. या दोन्हींना पैसा लागत नाही, विज्ञानाची पदवीही लागत नाही.

हे लांबवर कसं जातं ते एका गोष्टीवर सविस्तर सांगते, कारण माझ्या सगळ्या वर्गांत मला सगळ्यात जास्त देणारी गोष्ट हीच आहे. झाडाखाली उन्हाचे गोल कवडसे पडतात, ते तुम्ही रोज बघता. पानांमधल्या फटी काही गोल नसतात. कुठे त्रिकोणी, कुठे चिरेसारख्या, कुठे वेड्यावाकड्या. मग जमिनीवर गोल का? हा प्रश्न फार जुना आहे, अॅरिस्टॉटलच्या नावावर असलेल्या प्रश्नसंग्रहातही तो आहे.

घरी असं करा. छोट्या आरशावर जाड कागद चिकटवा आणि त्या कागदाला साधारण अर्धा सेंटिमीटरचं तिकोनी भोक पाडा. मुलीला आधी विचारा, उन्हात आरसा धरून भिंतीवर तिरीप पाडली तर ती कोणत्या आकाराची पडेल? ती त्रिकोण काढेल. सगळीच काढतात. मग आरसा भिंतीच्या अगदी जवळ धरा. त्रिकोणच दिसतो, आणि ती खूश होते. आता हळूहळू मागे सरका. त्रिकोणाचे कोपरे आधी बोथट होतात, मग बाजू फुगायला लागतात. चार-पाच मीटर मागे गेलात आणि भिंत सावलीत असली की भिंतीवर स्वच्छ गोल उमटतो. भोक तिकोनीच आहे, हे मुलं दोनदा-तीनदा कागद बघून खात्री करून घेतात. चौकोनी भोक पाडून बघतात, चांदणीच्या आकाराचं बघतात. गोल काही जात नाही.

तो गोल म्हणजे सूर्याचं चित्र आहे. भोकाच्या प्रत्येक बिंदूतून सूर्याचं एकेक गोल चित्र भिंतीवर पडतं. अंतर वाढलं की ही चित्रं मोठी होतात, पण भोकाच्या आकारामुळे ती एकमेकांपासून जेवढी सरकलेली असतात ते अंतर तेवढंच राहतं, म्हणून शेवटी गोलाचीच सरशी होते. खंडग्रास सूर्यग्रहणात हेच कवडसे चंद्रकोरीसारखे दिसतात, ते यामुळेच. याचा उलगडा योहानेस केप्लरने १६०४ च्या ग्रंथात केला, तोही दोऱ्याने. उंचावर एक पुस्तक ठेवलं, ते प्रकाश देणारी वस्तू आहे असं मानलं. मध्ये अनेक कोनांचं भोक असलेली फळी. पुस्तकाच्या एका कोपऱ्यातून दोरा सोडला, तो भोकाच्या कडेने घासत फिरवला, आणि दोरा जमिनीला जिथे जिथे टेकतो तिथे खडूने रेघ काढत गेला. मग दुसऱ्या कोपऱ्यातून तेच. असे भोकाचे आकार एकावर एक काढत नेल्यावर जमिनीवर अखेर पुस्तकाचा आकार तयार झाला. तुमची मुलगी चित्रं काढते ना, तिला हे नक्की करायला द्या. दोन खुर्च्या, पुठ्ठा, दोरा, खडू. प्रकाश सरळ रेषेत जातो हे वाक्य पाठ असलेल्या मोठ्या माणसांनाही ते खरं म्हणजे काय, हे या खडूच्या रेघांनी कळतं.

अजून पुढे जायचं असेल तर आरसा पुस्तकांच्या ठोकळ्यावर पक्का टेकवून ठेवा, हलू देऊ नका, आणि भिंतीवरच्या गोलाभोवती पेन्सिलीने रेघ काढा. बघत राहा. गोल रेघेबाहेर सरकताना डोळ्यांना दिसतो, आणि साधारण दोन मिनिटांत पूर्ण बाहेर जातो. पृथ्वी फिरते हे पुस्तकात वाचलेलं मूल इथे ती फिरताना बघतं. मोठ्या मुलांकडून मी पुढचा हिशेब करून घेते. चोवीस तासांची मिनिटं १४४०. सूर्य स्वतःच्या रुंदीइतका सरकायला दोन मिनिटं घेतो, म्हणजे पूर्ण वर्तुळात असे सुमारे ७२० सूर्य मावतील. ३६० अंशांना ७२० ने भागलं की अर्धा अंश. आकाशात सूर्य जेवढा दिसतो तो खरंच अर्ध्या अंशाच्या जरासा वर आहे.

आणि पट्टी हातात असेल तर सूर्याचा व्याससुद्धा निघतो. पाच मीटरवर गोल सुमारे पाच सेंटिमीटरचा येतो, त्यात भोकाच्या रुंदीमुळे थोडी भर पडलेली असते, ती वजा करायची. अंतर भागिले व्यास केलं की १०७-१०८ च्या आसपास आकडा येतो. सूर्य सुमारे १५ कोटी किलोमीटर दूर आहे एवढं पुस्तकातून घ्यायचं. त्याला त्या आकड्याने भागलं की जवळपास १४ लाख किलोमीटर. मुलांच्या मोजणीत थोडं इकडेतिकडे होतं, होऊ द्या. का झालं यावर बोलणं त्या उत्तराइतकंच मोलाचं आहे.

नऊ वर्षांच्या मुलीने भागाकारापर्यंत जायलाच हवं असं अजिबात नाही. ती कदाचित चांदणीच्या भोकापाशी थांबेल आणि दिवसभर वेगवेगळी भोकं कातरत बसेल. तेही भरपूर झालं. मला एवढंच दाखवायचं होतं की एका आरशात किती आठवडे रमता येतं.

आता चित्रकलेकडे येते, कारण तुमच्या प्रश्नातली ही काळजी मला सगळ्यात जास्त खटकली. चित्र काढणं हा तिचा विज्ञानातून पळ नाही. बघण्याचं तिचं सगळ्यात चांगलं साधन तेच आहे, आणि ते ती आधीपासून वापरते आहे. १६०९ च्या उन्हाळ्यात इंग्लंडमध्ये थॉमस हॅरियटने दुर्बिणीतून चंद्र बघून त्याचं चित्र काढलं. गॅलिलिओच्या काही महिने आधी. त्याच्या चित्रात उजेड-अंधाराची एक वाकडीतिकडी सीमा आहे आणि काही काळपट डाग. त्याच वर्षीच्या हिवाळ्यात गॅलिलिओने काढलेल्या चित्रांत मात्र डोंगर आहेत, खळगे आहेत, अंधाऱ्या भागात उजळलेली शिखरं आहेत. दुर्बिणीत फरक होताच, हॅरियटची सुमारे सहापट मोठं दाखवणारी, गॅलिलिओची सुमारे वीसपट. पण गॅलिलिओला चित्रकलेतल्या छायाप्रकाशाची चांगली जाण होती, आणि उंचवट्यावर तिरका उजेड पडला की सावली कशी पडते हे त्याच्या हातात होतं, यालाही इतिहासकार बरंच वजन देतात. १६१० मध्ये गॅलिलिओचं पुस्तक आल्यानंतरच्या हॅरियटच्या चित्रांत खळगे दिसायला लागतात.

मात्र ‘पानाचं चित्र काढ’ एवढंच सांगितलं तर मूल समोरचं पान न बघता डोक्यातलं पान काढतं. मध्ये एक रेघ, दोन्ही बाजूंना तिरक्या रेघा, झालं. चित्राला एक प्रश्न जोडून द्या. ‘बाजूच्या शिरा पानाच्या कडेपर्यंत पोचतात का?’ आता तिला पान उजेडासमोर धरावंच लागतं. काही पानांत शीर थेट कडेवरच्या दाताच्या टोकाला जाऊन संपते. काहींत कडेच्या जरा अलीकडे कमान करून पुढच्या शिरेला मिळते, आणि कडेला अशा कमानींची एक ओळच तयार होते. मग किडीने खाल्लेलं पान शोधायला लावा. एखादी शीर तुटली तरी पलीकडचा भाग हिरवा कसा राहिला? शिरांची जाळी असली की पाणी वळसा घालून जाऊ शकतं, हे तिच्याच चित्रावर बोटाने वाट काढत दाखवता येतं. चित्र सुबक आलं का, हा प्रश्न त्या दिवशी कोणी विचारायचा नाही. रंगवण्याचा आनंद वेगळा आहे आणि तो तिला तिच्या वेळेत घेऊ द्या.

तिच्या ‘का?’चं काय करायचं, ते सांगते. ‘मला माहीत नाही’ हे बेलाशक म्हणा, पण तिथे थांबू नका. ‘का’ला ‘किती’, ‘कधी’, ‘कुठपर्यंत’ यांपैकी कशात तरी वळवून द्या. पावडर का पळते, हे तुम्हाला सांगता नाही आलं तरी ‘किती छोट्या थेंबाने पळेल?’ हे विचारता येतं. मग काडीचं टोक साबणात जेमतेम बुडवून बघणं सुरू होतं. सगळे प्रश्न असे वळत नाहीत. सूर्य कशाने जळतो हे स्वयंपाकघरात शोधता येणार नाही, ते पुस्तकातलं. काही प्रश्न माणसांना विचारायचे, माळ्याला, सुताराला, डॉक्टरांना. हाताचा प्रश्न, पुस्तकाचा प्रश्न, माणसाचा प्रश्न, अशी वाटणी मुलं पटकन शिकतात, आणि उत्तर तुम्हीच द्यायला हवं हे ओझं तुमच्या डोक्यावरून उतरतं. एक मात्र सांभाळा. प्रयोग फसला की लगेच व्हिडिओ लावून ‘असं व्हायला हवं होतं’ हे दाखवू नका. तेवढ्याने मुलाला कळतं की खरं उत्तर पडद्यावर आहे आणि आपली ताटली चुकीची आहे.

यातलं बरंचसं परिस्थितीवर अवलंबून आहे हेही लिहायला हवं. सहा वर्षांखालच्या मुलाला अंदाज-बिंदाज काही विचारू नका, पाण्यात हात घालू द्या. अकरा-बाराच्या पुढे काहींना मोजण्याचा नाद लागतो, तर काही वाचनाकडे वळतात, दोन्ही चांगलं. काही मुलं एकच गोष्ट शंभरदा करतात, काही दर दहा मिनिटांनी उडी मारतात. उडी मारणाऱ्यांसाठी मी मांडलेलं सामान लगेच आवरत नाही, तबकात तसंच ठेवते, कारण ती दुसऱ्या दिवशी परत येतात. चित्र न आवडणाऱ्या मुलाला सावली गिरवायला द्या, नाहीतर पानावर कागद ठेवून पेन्सिल घासायला द्या, काम तेच होतं. तुमच्या हातात वेळ किती आहे त्यावरही बरंच ठरतं. रोज रेटून बसण्यापेक्षा आठवड्यातून एकदा निवांत अर्धा तास दिलात तर तो जास्त टिकतो. यातून शाळेचे गुण लगेच वाढतील असं मी सांगणार नाही. आणि मूल दमलेलं किंवा भुकेलं असेल तर त्या दिवशी कुतूहल वगैरे विसरा.

घरी पडलेल्या किटमधली भिंगं, आरसे, ड्रॉपर, चुंबक बाहेर काढून एका डब्यात ठेवा आणि सूचनापत्र बाजूला. रसायनांच्या पुड्या मात्र डब्यात टाकू नका. त्या तुमच्या देखरेखीखाली, सूचना वाचूनच वापरायच्या.

सुरुवात दुसऱ्या थेंबापासून करा, ते आजच होईल. आरशाचं सुट्टीच्या दिवशी. त्यात कडक नियम एकच, सूर्याकडे थेट बघायचं नाही आणि तिरीप कोणाच्याही डोळ्यांवर पाडायची नाही, गोल फक्त भिंतीवर बघायचा. वेळ सकाळची किंवा दुपार उतरल्यावरची घ्या, सूर्य डोक्यावर असताना तिरीप आडवी भिंतीवर आणणं जिकिरीचं होतं. गोल पुसट दिसला तर भिंत पुरेशी सावलीत नाही असं समजा. आणि मागे सरकूनही त्रिकोण जात नसेल तर भोक मोठं झालंय, ते लहान करा किंवा आणखी मागे जा. यातलं काय करायचं ते तिला सांगू नका, दोन्ही तिला सुचतं का ते आधी बघा.